वीतभर गिळवण

"अहो, हलू नका म्हटलं ना! आधीच ही दोरी निसटतेय."

"अजून," पलंगावरून बाईंचे यजमान म्हणाले.

"चहा? आत्ताच तर घेतलात!"

बाईंनी विणकामाची सुई दोरीच्या तोंडात खुपसली, वीण फिसकटली. तीन वाजून गेले होते. पाचला लेक गाडी घेऊन येणार होती. पलंगाच्या पायथ्याशी बांधलेल्या दोरीचा फास धरून बाबा उठू लागले, गाठ सरकली आणि ते उशीवर आदळले, हे तिने काल डोळ्यांनी पाहिले होते. "स्वतःहून उठून बसता येत नसेल तर उद्यापासून शुश्रूषागृह. मी बोलून आलेय," एवढे सांगून ती गेली होती.

पक्षाघाताने त्यांचा उजवा हात नेला, वाचा नेली. उरला तो 'अजून' हा एकच शब्द. तीस वर्षे त्यांनी होड्यांच्या कारखान्यात दोरकाम केले होते. ही दोरीही तिथलीच. बारीक, आतून पोकळ, आणि इतकी गुळगुळीत की गाठ म्हणून टिकायची नाही. बाजारची दोरी आणली तर त्यांनी ती डाव्या हाताने भिरकावली होती. हिचे टोक वळवून हिच्याच पोटात सारायचे. ओढ बसली की पोट आवळते आणि टोक धरून ठेवते. कारखान्यात याला 'गिळवण' म्हणत. त्याचे हत्यार मात्र निवृत्तीच्या दिवशी तिथेच जमा झाले होते.

जन्मभर शाळेत हुकूम सोडलेल्या बाई आता फडताळ उपसत होत्या. पेनची रिफिल वाकली. केसांचा आकडा मध्येच अडकला. मग नजर दारामागच्या छत्रीवर गेली. छत्रीची काडी पन्हळीसारखी. दोरीचे टोक तिच्यात नेमके बसणार! त्यांनी पकडीने काडी तोडली, पायरीच्या दगडावर घासली, टोक चिकटपट्टीने तिला जखडले आणि दोरीच्या पोटात सारले. चार बोटांच्या अंतरावर बाहेर काढले.

"झालं!"

"अजून."

"आता काय? उशी?"

बाईंनी फास ओढून पाहिला. टोक सर्रकन निसटले.

बाई टोक उचलायला वाकल्या. तेव्हा कुठे त्यांचे लक्ष पलंगाच्या कडेवरच्या डाव्या हाताकडे गेले. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली पुरी वीत. सकाळपासून तो हात तसाच होता.

"अगं बाई! आणि मी तीन कप चहा पाजला तुम्हाला!"

त्यांचे अर्धे ओठ हसले.

या वेळी वीतभर टोक आत गेले.

"आई, बॅग भरलीस?" लेक दारातूनच म्हणाली.

"चपला बाहेर काढ. आणि इथे उभी राहून बघ."

बाबांनी फासात डावा हात घातला. मदतीला धावू नयेत म्हणून बाईंनी आपले हात पाठीमागे एकमेकांत अडकवले. दोरी ताणली, तिचे पोट आवळले, आणि ते हळूहळू उठून बसले.

लेकीने वाकून दोरीला एक हिसका दिला. मग म्हणाली, "बाबा, रोज जमेल असं?"

"अजून," ते म्हणाले. कशाचे अजून, हे कुणी विचारले नाही.

"गाडी परत पाठवून येते," म्हणत तिने दारामागची छत्री उचलली. बाईंनी खिडकीतून पाहिले. उतरत्या उन्हात उघडलेली छत्री एका अंगाने लोंबत होती. लेक क्षणभर थांबली, ती बाजू हाताने वर उचलून धरली, आणि तशीच चालू लागली.