सहा सेकंद हलू नकोस

भंगारवाल्याकडे जुना डबा कॅमेरा मिळाला आणि तेव्हापासून चष्मेवाल्याला दुसरं काही सुचेना. कॅमेरा म्हणजे खरंच डबा. पुढे भिंग, बाजूला खटका, आकडा कुठेच नाही. पण भिंगं हा त्याचा रोजचा धंदा. आतल्या भोकाचं माप घेतलं, भिंगापासून फिल्मपर्यंतच्या अंतराला त्याने भागलं आणि भिंगातून उजेड किती येतो ते सांगणारा अकरा हा आकडा काढला. खटक्याचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून झडप किती वेळ उघडी राहते तेही शोधलं. सेकंदाचा चाळिसावा भाग, थोडा इकडेतिकडे. म्हणजे भर उन्हात फोटो जास्त उजळणार, ढगाळ हवेत नेमका येणार. पहिला रोल अगदी तसाच निघाला आणि गडी हवेत तरंगू लागला. गिऱ्हाईक फ्रेम मागायचं, हा त्याला कॅमेऱ्याचं गणित ऐकवायचा.

राहिला घरातला फोटो. उजेड कमी असला की डब्याची वरची पट्टी ओढायची, झडप उघडी ठेवायची, सेकंद मोजायचे आणि पुन्हा मिटायची. फोटो क्लबच्या प्रदर्शनात असा एक फोटो लावून भल्याभल्यांची तोंडं बंद करायची, असं त्याने ठरवलं. आणि त्यासाठी ताईला गाठलं.

ताई दोन गल्ल्या पलीकडे राहायची. बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र, तिथेच तिचं सगळं जग. आई गेल्यावर याच यंत्रावर लोकांचे कपडे शिवून तिने या धाकट्या भावाचं शिक्षण केलं होतं.

"माझा कसला फोटो काढतोस? यंत्राचा काढ," ती म्हणाली.

"यंत्र काय, कुठेही मिळेल. तू बस."

त्याने स्टुलावर पुस्तकं रचून कॅमेरा ठेवला, मोबाइलवर उजेड मोजला. उत्तर तीन सेकंद. पण झडप जास्त वेळ उघडी राहिली की फिल्म उजेड कमी टिपते, म्हणून सहा धरले. ताईने मांडीवर कापड घेतलं, दोन्ही हात त्यावर ठेवले. माप द्यायला आलेल्या दोन बायका दाराशी कौतुकाने उभ्या होत्या.

"एक... दोन... ताई, हात! हलू नकोस!"

पुन्हा मोजणी, पुन्हा तेच. फिल्म महाग, त्यात बघायला माणसं. तिसऱ्या वेळी त्याचा तोल सुटला.

"सहा सेकंद बसता येत नाही? कुक्कुलं बाळ आहेस का? हात बघ कसा नाचतोय!"

एक बाई हसली. दुसरी हसली नाही, ताईच्या हाताकडे बघत राहिली. ताईने गुपचूप उजवा हात कापडाखाली सरकवला.

"घे आता," ती म्हणाली.

फिल्म त्याने घरीच धुतली आणि दोरीला अडकवली. गणित चोख उतरलं होतं. खिडकीची चौकट, यंत्राची सुई, ताईच्या कपाळावरची आठी, सगळं रेखीव. डावा हात इतका स्थिर की बोटातली अंगठी ओळखू यावी. उजव्या हाताच्या जागी मात्र धुरकट फराटा, प्रत्येक फोटोत. शेवटच्या फोटोत हात कापडाखाली होता, तर तिथलं कापडच पुसट झालं होतं.

तो फिल्मसमोर बसून एकेक फोटो पुन्हा बघू लागला. ताई हल्ली चहाचा कप डाव्या हाताने द्यायची. त्याच्या शर्टाची बटणं लावायची महिनाभर तिच्याकडे तशीच पडून होती आणि "सख्ख्या भावाचं काम करायला तुला वेळ नाही," असं तो तिला सुनावून आला होता. आठवलं आणि त्याचे कान तापले.

तसाच उठून तो तिच्याकडे गेला.

"आले फोटो?" ताईने विचारलं. "मी हलले ना?"

"तू नाही. हात हलला." त्याला वर बघवेना. "कधीपासून गं?"

"झाले बरेच महिने. तुला सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे ओढलं असतंस, आणि तो म्हणाला असता, यंत्र बंद करा."

"मी त्या बायांसमोर तुला..."

"हो, बोललास." आवाजात राग नव्हता, तेच त्याला जास्त लागलं. "त्यातली एक दुसऱ्या दिवशी कापड परत घेऊन गेली."

तो तिच्याबरोबर डॉक्टरकडे गेला. गोळ्यांनी थोडा उतार पडला. सरळ शिवण जमू लागली, बारीक काम सुटलं ते सुटलंच. क्लबच्या सेक्रेटरीला त्याने फोटो दिला नाही. "बिघडला," एवढंच सांगितलं.

पुढे ती कापड परत नेणारी बाई चष्म्याचा स्क्रू बसवायला त्याच्या दुकानात आली.

"ताई कशा आहेत हो?"

"बऱ्या आहेत." तो फ्रेमवर वाकला. मग धीर करून म्हणाला, "त्या दिवशी फोटो काढताना मी तिला बोललो, ते चुकलं माझं. हात हलतो पण शिवण सरळ असते. तुमचं कापड..."

"छे हो, तुम्ही बोललात ते बरंच झालं," ती समजुतीने म्हणाली. "नाहीतर माझं कशाला लक्ष गेलं असतं त्यांच्या हाताकडे?"

स्क्रू कधीच बसला होता, तरी तो मान खाली घालून फिरवतच राहिला.