माझ्यामागचे बारा शब्द

संजू भिंतीकडे पाहत होता, आणि त्याची आई हिरी संजूकडे. मला नुकतेच ओढून बाजूला केले होते. माझ्यामागची भिंत ताज्या सारवणाने गुळगुळीत झाली होती.

मित्रांनो, मी हिरीच्या लग्नात मुरबाडच्या बाजारातून आलेली पत्र्याची जुनी पेटी आहे. माझ्या झाकणावर कमळ होते; आता नुसता देठ उरला आहे. लुगडी, बियाणे, सासूने दिलेले चांदीचे वाळे, या घराने जे जे जपले ते माझ्या अंधारात जपले. सणाला हिरी मला तेलाच्या फडक्याने पुसायची, आणि मी स्वतःला घराचे काळीज समजायची.

मग मोबाईल आला. तो उशीपाशी निजू लागला. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. मत्सर गंजासारखा असतो, मित्रांनो. तो आतून लागतो.

उन्हाळ्यात वाळे सराफाकडे गेले. त्या पैशातून संजूने क्रिप्टो नावाचे, हाताला न लागणारे नाणे घेतले आणि ते ठेवायला मोबाईलमध्येच पाकीट उघडले.

"पेटीला कुलूप हाय. ह्याला काय हाय रे?" हिरीने विचारले.

"ह्याला बारा शब्द हायत, आई. फोन गेला तरी शब्द घातले का समदं परत येतं."

"बारा शब्दांत तर भटजी सुपारीपण उचलत नाय!"

शब्द कागदावर लिहून जपा, असे मोबाईलनेच बजावले होते. माझे झाकण उघडेल म्हणून मी वाट पाहिली. पण या घरात ध्यानात ठेवायचे सारे कुडाच्या भिंतीवर लिहितात : गाय फळल्याची तारीख, जावयाचा नंबर. संजूने आईला न सांगता कोळशाने ते इंग्रजी शब्द भिंतीवर लिहिले आणि मला त्यांच्यापुढे सरकवले. माझ्या पोटात जागा असून मी त्या परक्याच्या गुपिताचा नुसता आडोसा झाले!

दिवाळीच्या तोंडावर मोबाईल तानसा नदीच्या पाण्यात पडला. मी हरखले. वाटले, आता वाळे माझ्याकडे परत येतील. त्याच आठवड्यात हिरीने मला हलवून भिंत सारवली. तिला अक्षर येत नाही. कोळशाच्या रेघांवरून तिचा शेणामातीचा हात मायेने फिरला.

आज संजूने नवा फोन आणला. फोनने तेच बारा शब्द मागितले.

मित्रांनो, नव्या वस्तूंवर खुशाल जीव लावा. पण जपायचे काय आणि ते कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

"काय लिवलं होतंस रे तिथं?" हिरीने हळूच विचारले. "माझ्या हातानं काय गेलं का?"

संजूने तिच्या हाताकडे पाहिले. नखांत अजून माती होती. मग पायात चपला सरकवून तो अंगणाबाहेर निघून गेला.