काबुराच्या बागेतलं लोखंड

मुकामीनं उभं आयुष्य वाळू धुण्यात घालवलं. मथिओया नदीच्या काठी उकिडवं बसायचं, अर्ध्या चिरलेल्या भोपळ्यात काळी वाळू घोळायची, हलकी माती पाण्याबरोबर सोडून द्यायची आणि तळाला उरलेला जड, चकाकता थर केळीच्या पानावर वाळत घालायचा. त्यातनं तिचा नवरा गाथुकू लोखंड काढायचा. गिथुंबाच्या डोंगरधारेवर बाळाची नाळ कापायचं पातं त्याचं, पोरींच्या कानातली वळी त्याची, भाले-कोयतेही त्याचेच. हिंदुस्थानी दुकानदाराकडं विलायती कुदळी मिळायला लागल्यापासून भट्टी आठवड्यातनं दोनदाच पेटायची. लोहाराचा धाक मात्र होता तसाच होता. लोहारानं शापलं तर त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडं उतारा नाही, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं.

काबुरा आली त्या दिवशी भट्टी पेटलेली होती. बाईमाणूस भट्टीत शिरत नाही, म्हणून ती दारातच थांबली आणि तिथनंच म्हणाली, "बाबा, माझ्या बागेला लोखंड लावा."

भाता मारणारा गाथुकूचा धाकटा भाऊ मुइरिगी एकदम थांबला.

काबुराच्या नवऱ्याला गोऱ्यांच्या लढाईत ओझी वाहायला नेलं होतं, तो परत आलाच नाही. पदरात तीन पोरी आणि ओढ्याकाठी केळीची बाग, एवढाच तिचा संसार. सरकारनं नेमलेला मुखिया कीमोथो आता म्हणत होता, की घरात पुरुष नाही म्हणजे जमीन बेवारस. त्याला तिथं गोऱ्यांची बाभूळ लावायची होती. कातडी कमवायला तिची साल चांगली खपते म्हणे.

"उद्या कोयते घेऊन माणसं येणारेत," काबुरा म्हणाली.

गाथुकूनं सांडशी खाली ठेवली. "लोखंड लावायचं म्हणजे कुंपणाला काटी लावणं नव्हे, पोरी. माझ्या बापानं सबंध जन्मात दोनदाच लावलं. आणि आता साहेबाच्या राज्यात त्याला चेटूक म्हणतात. तुरुंग आहे त्याला."

बाहेर वाळू पसरत बसलेल्या मुकामीला राहवलं नाही. "अहो, मग त्या हातोड्याला सांगा, आता बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटाच कर म्हणावं."

"तू गप्प बस."

"बसते की! आज हिची बाग, परवा आपला नदीकाठ. मग वाळू संपली की माझे दात धुऊन लोखंड काढा."

मुइरिगी हसला आणि भावानं बघताच पुन्हा भाता मारायला लागला. गाथुकूनं सांडशी पुन्हा उचलली. मग म्हणाला, "हवा जोरात दे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं बागेच्या तोंडाशी खुंट ठोकला आणि त्याला नवं कडं अडकवलं. सोबत आणलेल्या निखाऱ्यांवर लोखंडाची एक सळई लाल केली, दगडावर ठेवली आणि एका घावात तिचे दोन तुकडे केले. "जो इथलं पान तोडील," तो मोठ्यानं म्हणाला, "तो असा तुटो." मुकामी आणि काबुरा लांब उभ्या होत्या. तीस वर्षांच्या संसारात मुकामीनं नवऱ्याचा हा आवाज ऐकला नव्हता.

"तूही हात लावू नकोस," तो काबुराला म्हणाला. "संध्याकाळी डोणीतलं पाणी आणतो. लोखंड विझवलेल्या त्या पाण्यानं तुझे हात धुतले की बाग तुला मोकळी."

पण ती संध्याकाळ आलीच नाही. ऊन चढायच्या आत कीमोथोची आठ माणसं आली. कडं दिसताच सगळ्यांचे पाय जागच्या जागी थबकले.

"माझी बायको आठ महिन्यांची पोटुशी आहे," एक म्हणाला. "मला जमायचं नाही."

"माझ्या कोयत्याला धार नाही," दुसरा म्हणाला.

"मग लोहाराकडं ने की!" मुकामी पलीकडच्या बांधावरनं ओरडली, आणि ती माणसंच तोंडावर हात धरून हसली.

कीमोथो स्वतः आला. डोक्यावर साहेबी टोपी, पायात बूट. खुंटापासून सात-आठ पावलांवर थांबला आणि तिथनंच काठी रोखून त्यानं गाथुकूला फर्मावलं, "काढ ते."

"ज्याला बाग पाहिजे त्यानं काढावं," गाथुकू म्हणाला.

त्याला दोरी बांधून कचेरीत नेलं. मुकामी आणि काबुरा दिवसभर मागनं चालत गेल्या. साहेब पोरगेलासा होता, उन्हानं नाक सोललेला. दुभाष्याचं सगळं ऐकून तो हसला आणि काहीतरी बोलला. दुभाष्या जरा चाचरला, मग म्हणाला, "साहेब विचारतात, एवढंसं लोखंड, तर मुखियानं उपटून का नाही टाकलं?"

कीमोथो काठीनं बुटावरची धूळ झाडू लागला.

मुकामीला गर्दीतनं पुढं रेटल्यासारखं झालं. "साहेबाला सांग," ती दुभाष्याला म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या हातात काही नसेल, तर त्याला सोडा आणि मुखियाला कडं काढायला लावा. आणि काही असेल, तर ते काही तुरुंगात कोंडून संपत नाही."

लोक हसले. साहेबाला हसू सोसलं नाही. त्यानं टेबलावर हात आपटला. लोकांना भीती घातल्याबद्दल तीन महिने.

नेताना गाथुकू नुसतं एवढंच म्हणाला, "पोरीचे हात राहिले."

ते खरंच राहिले होते. बागेत घड भरले, पिवळे झाले. पाखरं येऊन टोचून जायची. काबुरा बांधावर उभी राहून बघायची, पण एका फणीला तिनं बोट लावलं नाही. तिच्या पोरी मुकामीच्या चुलीवरची आंबील आणि काळे वाल खाऊन दिवस काढत होत्या.

"भाऊजी, तुम्ही धुवा की तिचे हात," मुकामी मुइरिगीला म्हणाली.

"दादा आल्याशिवाय मी डोणीला शिवणार नाही. मलाही पोरं आहेत, वहिनी."

दुसरा महिना सरत असताना कीमोथो अंगणात आला. या वेळी डोक्यावर टोपी नव्हती. "लोहारीणबाई, साहेबाशी माझं बोलणं आहे. तू कडं काढून दे, तुझा माणूस आठ दिवसांत घरी. म्हातारा माणूस, दगड फोडतोय बिचारा. खोकतो म्हणे."

खोकल्याचं मुकामीला खरं वाटलं. नवऱ्याची छाती पावसाळ्यात कशी वाजते ते तिलाच माहीत. कडं काढायला किती वेळ? खुंटाला हात घातला की झालं. तिनं पदरासारखं पांघरलेलं कातडं घट्ट ओढून घेतलं.

"मुखियासाहेब, साहेब म्हणाला ते नुसतं लोखंड आहे. तुम्ही साहेबाचे माणूस. तुम्हीच काढा. मी येते सोबत, तुमची टोपी धरायला."

"तो तिथं मेला तर?"

"मेला तर कडं कायमचं झालं. मग ते सोडवणारा कोणीच उरणार नाही. घरी जा आणि यावर विचार करा."

तो गेला, आणि ती अंगणातच खाली बसली. रडली थोडी. मग उठली, भट्टीपाशी गेली आणि सरळ आत शिरली.

मुइरिगी धावत आला. "वहिनी! बाईमाणसानं आत...?"

"भाऊजी, या भट्टीतला लोखंडाचा कण न् कण आधी माझ्या हातनं गेलाय. तुम्हा सगळ्यांच्या आधी. मी धुतला तेव्हा तो तुमच्या विस्तवात पडला. आता मला बाजूला व्हायला सांगता?"

तो दारात आडवा उभा होता. तिनं डोणीतलं काळपट पाणी भोपळ्यात भरलं आणि ती चालू लागली. तो बाजूला झाला.

बागेपाशी बरीच माणसं जमली. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, एकानं तर थुंकून घेतलं. "हे पाप तुझ्या डोक्यावर," तो म्हणाला. "बरं," मुकामी म्हणाली, "डोकं मजबूत आहे."

काबुरानं हात पुढं केले. गाथुकूचे बोल मुकामीला ठाऊक नव्हते. म्हणून वाळू धुताना जे रोज तोंडात यायचं तेच ती बोलली. "हलकं जाऊ दे, जड राहू दे. जे आपलं आहे ते तळाला राहू दे."

काबुरा खुंटाजवळनं आत गेली. कोयता उचलला. एका घावात घड खाली आला, तिच्या खांद्यावर. ती तशीच उभी राहिली, मग एक केळं सोलून तिनं तिथंच खाल्लं, आणि थोरल्या पोरीला हाक मारली.

रात्र गेली, आठवडा गेला. काबुराला साधी शिंकही आली नाही. खुंटावरचं कडं तसंच होतं, आणि तिच्याखेरीज दुसरं कोणी बागेत पाऊल टाकत नव्हतं. पावसाच्या तोंडावर कीमोथोनं आपली बाभूळ स्वतःच्याच उतारावर लावली.

गाथुकू परतला तेव्हा त्याच्या छातीच्या फासळ्या मोजता येत होत्या. मुकामीनं आंबील पुढं ठेवली. त्यानं ती सगळी संपवली. वाटेतच त्याला सगळं कळलं होतं.

"पाणी कुठलं घेतलंस?"

"डोणीतलं."

"बोल कुठले म्हणालीस?"

"माझे."

तिला वाटलं, आता हा ओरडणार. तिनं ओरडून घ्यायची तयारी केली, आणि उलट काय बोलायचं तेही मनात जुळवून ठेवलं. गाथुकूनं रिकामा वाडगा खाली ठेवला.

"ते बोल कोणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "मलाही नको. आणि उद्या सकाळी भट्टीत ये, मुइरिगीचा भाता फार ढिला पडलाय."