सकाळपाळी

रंगाऱ्याला तहान लागली की विनोद सुचत. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात ज्याची उमर गेली, त्याच्या दोन्ही किडन्यांनी मध्येच अंग काढून घेतलं, आणि तेव्हापासून दिवसाला पाणी किती हे त्याची बायको ठरवू लागली. ती खिडकीशी बसून शाळेचे गणवेश शिवायची. हात शिलाईवर, डोळा पेल्यावर. "पालिकासुद्धा पाणी तोडायच्या आधी कळवते गं," तो म्हणे. ती हसत नसे. हसलं की अर्धा पेला जास्तीचा जातो, हा तिचा अनुभव.

आठवड्यातून तीनदा त्याला पालिकेच्या इस्पितळात रक्त धुणाऱ्या मशीनला जोडत. त्याची थोरली बहीण त्याच खोलीत नर्स होती. तिला सगळे सिस्टर म्हणत आणि रंगाऱ्याच्या बायकोला, तिची भावजय म्हणून, सगळे वहिनी. त्या खोलीची एक रीत होती. लांबून येणाऱ्याला सकाळपाळी, जवळ राहणाऱ्याला संध्याकाळची. मशीनवरून उठलेला माणूस पिळलेल्या कपड्यासारखा होतो, त्याने उजेडी घर गाठावं, एवढाच हिशेब. नवीन माणूस आला की बाकावर तासभर भांडण व्हायचं, आवाज चढायचे, एखादी बाई रडायचीही. पण शेवटी रीत टिकायची. टेकडीपलीकडच्या वस्तीतून पहिल्या बसने येणारे म्हातारे मास्तर तर सकाळपाळीचे मानकरीच.

मग ती खोली एका कंपनीला चालवायला दिली. भिंतींना नवा रंग आला. रंगाऱ्याने तो नापास केला. खालचे पापुद्रे न खरवडता मारलाय म्हणाला. टीव्ही आला, गळ्यात पट्टा अडकवलेला मॅनेजर आला, आणि सिस्टरची रवानगी मलमपट्टीच्या खोलीत झाली. आता सगळं इस्पितळच कंपनीला द्यायचं घाटत होतं. पालिकेने सुनावणी लावली. सिस्टर गल्लोगल्ली फिरली, लोक उठवले, आणि एका दुपारी भावाच्या घरी येऊन वहिनीसमोर बसली. तू बोल म्हणाली. माझं बोलणं नोकरीपायी आहे म्हणतील, तुझं तसं म्हणता यायचं नाही.

वहिनीने दोरा तोडला. "ताई, तुमची फार तर बदली करतील. यांचं काय करतील?"

सिस्टरने चहा तळापर्यंत संपवला आणि ती उठली.

दोनच दिवसांनी मॅनेजर रंगाऱ्याच्या खुर्चीशी आला. तो कधी आवाज चढवत नसे. तोच त्याचा गुण आणि तीच त्याची धास्ती. रंगाऱ्याच्या पायांवरची चादर नीट करत तो वहिनीला म्हणाला, की तुम्ही घरच्याच. सुनावणीत दोन शब्द बोला, खोली किती छान झाली ते. शिवाय पुढच्या खेपेपासून काकांना सकाळपाळी. मग चादरीची घडी बोटांनी दाबत म्हणाला, "खुर्च्या कमी आहेत हो वहिनी. माणसं जास्त."

"बरं," वहिनी म्हणाली.

रिकामी खुर्ची काही झाडाला लागत नाही. कुणाला तरी उठवावं लागतं, आणि कुणाला उठवलं हे तिला पुरतं ठाऊक होतं. वाटेत रंगाऱ्याने विचारलं, कुणाची गं ही पाळी? तिने सांगितलं, मोकळी होती. मास्तरांना मुलंबाळं आहेत, ती बघतील, अशी मनाची समजूत घालून तिने हिशेब मिटवला. पण असले हिशेब मिटत नाहीत, नुसते पुढच्या पानावर जातात.

त्यानंतर मास्तर संध्याकाळपाळीची वाट बघत व्हरांड्यात दिसत, हे दोघं परत निघाले की. शेवटची बस लवकर सुटायची, म्हणून ते मशीन अर्धवट सोडून उठत. जे पाणी अंगातून निघायचं ते अंगातच राही. पावलं चपलेत मावेनात, मग ते चपला हातात धरून चालू लागले. तरी तिला बघून म्हणाले, बरं झालं, सकाळी ऊन सोसतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तिला झोप लागली असती.

सुनावणीच्या सकाळी झाडूवालीने सांगितलं, की मास्तर गेले. परवा संध्याकाळी, परतीच्या बसमध्ये, श्वास कोंडून. रंगारी मशीनवर होता. त्याने ऐकलं, बायकोकडे पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवशी त्याने पाणी मागितलं नाही आणि विनोदही केला नाही.

सभागृहात मॅनेजरने वहिनीला पुढच्या रांगेत बसवलं. मागे सिस्टर आणि तिची माणसं. वहिनीचा उजवा पाय शिलाई मशीनवर असल्यासारखा आपोआप हलत होता. नाव पुकारलं तेव्हा तिने तो हाताने दाबून धरला, मग उठली.

"मला शिकवून पाठवलंय," ती म्हणाली. "खोली छान झालीय म्हणून सांग. झालीय छान. सकाळपाळी मास्तरांची होती. ती काढून आमच्या यांना दिली, मी इथं चांगलं बोलावं म्हणून. ती कुणाची ते मला ठाऊक होतं. तरी घेतली. मास्तर परवा गेले."

मंचावरच्या साहेबांनी विषयाला धरून बोलायला सांगितलं.

"हाच विषय आहे, साहेब. खुर्च्या तेव्हाही कमीच होत्या. पण खोली आपली होती, तेव्हा आम्ही भांडून ठरवायचो. आता एक माणूस ठरवतो, आणि मी त्याला भिते. आत्तासुद्धा भितेय. उद्या यांना मशीनला जोडलं नाही, तर मी कुणाच्या दारात जाऊ, तेवढं सांगा."

साहेबांनी चष्मा पुसला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मॅनेजर मात्र तिच्याकडे बघून मान हलवत हसला.

पुढच्या वेळी तिने रंगाऱ्याला आपणहून संध्याकाळपाळीला नेलं. मॅनेजर अदबीने म्हणाला, की काकांच्या मशीनची दुरुस्ती चाललीय, बसा. ते बसले. काचेतून मशीन दिसत होतं. त्याला कुणी हात लावत नव्हतं. रंगाऱ्याचा चेहरा सुजू लागला होता. तिला वाटलं उठावं, पाय धरावे, सुनावणीत चुकून बोलले म्हणावं. शब्द अगदी ओठाशी आले.

तेवढ्यात आतून पुढचं नाव पुकारलं गेलं. कंडक्टरची बायको, अंगाने जाडजूड, तिलाही धाप लागलेली. ती बाकावरून हलली नाही.

"रंगाऱ्यानंतर माझा नंबर," ती म्हणाली. "अशीच रीत आहे."

"अहो, उठा तुम्ही," वहिनी घाबरून पुटपुटली. "तुमचा श्वास बघा."

"बघतेय. तुम्ही गप बसा. त्या दिवशी बोललात ना, आज आमचा दिवस."

त्यानंतरचं नाव पुकारलं. तोही उठला नाही. आत खुर्च्या रिकाम्या आणि बाहेर बाकावर टेकायला जागा नाही. सगळ्यांच्या छातीत पाणी चढत होतं. कोण किती वेळ तग धरेल, हे तिथल्या प्रत्येकाला स्वतःपुरतं पक्कं ठाऊक होतं.

मॅनेजरने काचेआड फोन उचलला. बाकावरचे सगळे त्याच्या ओठांकडे बघू लागले. वहिनीने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. जिथे सुई टोचतात, तिथे कातडीखाली रक्ताची बारीक थरथर बोटांना लागत होती, अजून लागत होती.