कोपऱ्यातले तारे

संगमनेरच्या आमच्या कॉलेजच्या गच्चीवर माझा कॅमेरा महिनाभर आभाळाचे फोटो काढत होता आणि महिनाभर माझी अब्रूही काढत होता. एका फोटोत पन्नास चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं आभाळ. मधले तारे छान गोल, पण उजव्या कोपऱ्यातले शेवयांसारखे लांब! शुक्रवारपर्यंत ते गोल झाले नाहीत, तर आकाश-सर्वेक्षणाचे प्रवीण सर परदेशी कॅमेरा मागवणार होते. माझी तीन वर्षं पाण्यात जाणार होती.

दोष उघड होता. फोटो टिपणारी चिप ज्या प्लेटवर होती, ती तिरकी बसायची. चार कोपऱ्यांना चार स्क्रू. एक आवळला की दुसरा कुरकुरायचा. मी जुळवून यायचे आणि गारवा पडला की पुन्हा बिघडायचं. पुढे हा कॅमेरा डोंगरावरच्या ज्या दुर्बिणीला लागणार होता, तिथे तर माणूसच नसणार. स्क्रू पिळायला कोण जाणार?

बुधवारी आई डबा घेऊन आली. माझी आई रंगुबाई. पाथर्डीहून दरसाल कोल्हारकडे ऊसतोडीला येऊन तिनं मला इंजिनिअर केलं. मी स्क्रूंना शिव्या घालत होते, ती वाकून बघत होती.

"चार कशाला गं?"

"कोपरे चार आहेत म्हणून."

"फडावर चुलीला आमी कदी चार दगडं मांडली का? चौथा आला की तवा डुगडुगतोय. तीन ठिव. जमीन कशी बी असू दे, हालायचं न्हाई."

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तीन टेकूंचं हेच तत्त्व परीक्षेत लिहून मी पैकीच्या पैकी मार्क घेतले होते! काखेत कळसा अन् गावाला वळसा. लेथवाल्या बिभीषणकाकांच्या डोक्यावर बसून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवी प्लेट करून घेतली. तीन टेकू आणि वरून दाबायला तीन स्प्रिंगा. चौथा स्क्रू मी कचऱ्यात टाकला.

त्या संध्याकाळी गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या खोलीचं छप्पर आपोआप उघडलं. शुक्रवारी सकाळी मी भीत भीत फोटो उघडला. चारही कोपऱ्यांतले तारे गोल! मी टेबलावर अशी थाप मारली की शिपाई धावत आला.

फोटो बघून दुपारी प्रवीण सरांचा फोन आला. "परदेशी ऑर्डर रद्द. डोंगरावर तुमचाच कॅमेरा चढेल. अजून पाच करा."

मी घरी फोन लावला. "आई, सहा कॅमेरे! रोज रात्री आपले आपण सगळं आभाळ बघतील."

फोन तसाच चालू ठेवून ती शेजारच्या झुंबरबाईंना ओरडून सांगू लागली, "अगं, माझ्या ज्योतीनं आभाळाला राखनदार बसवले! एक न्हाई, सहा!"

फोन कानाला धरून मी हसत हसत रडले.