उर्होचा कोट आणि पांढरं छप्पर

आमच्या छपराला लटकणारे बर्फाचे सुळे सगळ्या रस्त्यात मोठे. उर्हो, म्हणजे माझा नवरा, जिवंत होता तोवर दर जानेवारीत कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभा राहायचा. "बघ सायमी, माणसाच्या उंचीचे झालेत! घर उबदार असल्याशिवाय येतात का एवढे?" आणि मीही नंदीबैलासारखी मान डोलवायची. अहो, घरातली ऊब छपरातून निसटते, वरचा बर्फ वितळवते, ते पाणी कडेला येऊन परत गोठतं. म्हणजे आमच्या गॅसच्या बिलाचे पैसे तिथे उलटे लटकत होते, आणि आम्ही त्यांचे फोटो काढत होतो!

हे शहाणपण मला बहात्तराव्या वर्षी आलं, तेही पोरानं मानेवर सुरी ठेवली म्हणून.

पोरगा म्हणजे रॉडनी. राहतो पार दक्षिणेत, वाळवंटातल्या फिनिक्सला, जिथे लोक हिवाळ्यात बाहेर पोहतात. उर्हो गेल्यानंतरच्या तिसऱ्या नाताळाला आला, तर मी स्वयंपाकघरात उर्होचा शिकारीचा लोकरी कोट घालून बटाटे सोलतेय आणि तोंडातून वाफ निघतेय. बिल परवडेना म्हणून मी घर तापवायच्या गॅसच्या भट्टीचं बटण पार खाली आणून ठेवलं होतं. पुढे उन्हाळ्यात आला तेव्हा टेबलावर हात आपटून म्हणाला, "आई, शेवटचं सांगतो. येत्या हिवाळ्यात बिल उतरलं पाहिजे आणि घरात तुझ्या अंगावर हा कोट दिसता कामा नये. दोन्ही! नाहीतर वसंतात घर विकायचं आणि तू माझ्याकडे यायचं."

"फिनिक्सला? तिथे मी वाळून खारीक होईन रे!"

"मग कर काहीतरी," म्हणाला मेला. शिवाय जाताना समोरच्या घरातल्या ओन्नी लाम्पिनेनला सांगून गेला, आईवर लक्ष ठेवा म्हणून. ओन्नीला हे सांगणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. तो तसाही दिवसभर खिडकीतच असतो.

मी त्याच्या हातावर हात मारून अट कबूल केली होती, आता माघार नाही. याच घरात मी नवरी म्हणून आले, रॉडनी याच घरात रांगला. हे घर सुटलं असतं तर मी मेले असते, सरळ सांगते.

पहिलं काम म्हणजे तळघरातल्या भट्टीचा फिल्टर. उर्हो गेल्यापासून तो बदललाच नव्हता. ओढून काढला आणि मी किंचाळले, मला वाटलं आत मांजर मरून पडलंय. इतका केसाळ, इतका राखाडी. तडक दुकानात गेले आणि म्हटलं, तुमच्याकडचा सगळ्यात भारी द्या. दुकानदारीण म्हणाली, "सायमी, हा जंतूसुद्धा अडवतो." म्हटलं, अडवू दे, द्या!

तर त्यानं जंतू अडवले की नाही देव जाणे, हवा मात्र अडवली. जुनी भट्टी बिचारी, तिचा श्वासच कोंडला. जरा चालायची, तापायची, की खट्कन बंद. नाकापेक्षा मोती जड! दोन दिवस मी पुन्हा त्या कोटात. शेवटी वैतागून फिल्टर उपटून फेकला, तर लागलीच घरघर चालू. मग दुकानात जाऊन भांडले, आणि मधल्या दर्जाचा, जरा विरळ जाळीचा आणला. तो आता मी महिन्याच्या महिन्याला बदलते. भट्टी मांजरासारखी गुरगुरते, या खेपेस जिवंत मांजरासारखी.

तेवढ्यानं थोडा फरक पडला, पण खरा चोर वरच होता. पोटमाळ्यावर डोकं घालून पाहिलं तर ऊब अडवायला उर्होच्या बापानं टाकलेला लाकडाचा भुसा, तोही बोटभर. मी नणंदेला फोन लावला. इम्पी, उर्होची धाकटी बहीण, सत्तरीची, पलीकडच्या गावात राहते. तिच्या घराचं हे सगळं झालेलं होतं.

"वहिनी, पंधरा नोव्हेंबरला मी येते," ती म्हणाली. "तोवर कुणाजवळ चकार शब्द काढू नकोस."

पंधरा नोव्हेंबरला हरणांची शिकार खुली होते. त्या दिवशी आमच्या गावात पुरुष औषधालाही उरत नाही. सगळे बंदुका आणि बिअर घेऊन रानातल्या खोपटांत. ओन्नीही गेला. त्याला कळलं असतं तर आधी त्यानं शंभर सल्ले दिले असते, मग अर्धं काम करून ठेवलं असतं आणि मग रॉडनीला फोन केला असता, की तुझी आई या वयात माळ्यावर चढते.

आम्ही दुकानातून जुन्या वर्तमानपत्रांच्या भुग्याची पोती आणली आणि तो फुंकायचं यंत्र भाड्यानं घेतलं. इम्पी खाली यंत्रात पोती रिकामी करतेय, मी वर गुडघ्यांवर, हातात हत्तीच्या सोंडेएवढा पाइप. आधी भेगा बुजवल्या, मग भुगा.

"वहिनी, कडेची हवेची भोकं बुजवू नकोस गं! माळा सडेल!"

"अगं, मी काय काल जन्मले?"

"दिसतेस तर तशीच!"

माझ्या तोंडाला फडकं, डोळ्यांवर उर्होचा वेल्डिंगचा चष्मा. हसता हसता पाइप सुटायचा आणि मग सोंड पिसाळायची. एवढी मी लग्नातसुद्धा हसले नव्हते. संध्याकाळी माळ्यावर मांडीपर्यंत मऊ गादी झाली होती. पुरुष रानातून परतले तेव्हा आम्ही साळसूदपणे पाव भाजत होतो.

मग बर्फ पडला. आमच्याकडे पडतो तो पडतोच. आणि चमत्कार! घरात मी बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये. कोट खुंटीला. डिसेंबरचं बिल आलं तेव्हा मी ते दिव्याखाली धरून पाहिलं, एक तृतीयांश उतरलेलं. इम्पीला फोन करून म्हटलं, "ये. सौना तापवते, वाफ घेऊ. साजरं करू."

आता ऐका. ओन्नी बर्फ पडायच्या आधीपासून लेकीकडे होता. तो जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी परतला आणि सवयीनं आमच्या छपराकडे पाहिलं. छप्पर पांढरंशुभ्र, वर कमरेएवढा थर. कडेला एक सुळा नाही! आमच्या गावात असं छप्पर म्हणजे खाली ऊब नाही, आणि ऊब नाही म्हणजे माणूस नाही. त्यानं फोन केला, कुणी उचलेना. दार ठोठावलं, तर दार आतून बंद. आमच्याकडे दाराला कडी कोण लावतं? पण त्या दिवशी इम्पीनं लावली होती, कारण आम्ही दोघी तळघरातल्या सौनात देवानं घडवल्या तशा बसलो होतो आणि घसा फाटेपर्यंत भजनं म्हणत होतो.

ओन्नीनं फिनिक्सला फोन लावला. "रॉडनी, छप्पर पांढरं आहे. दार बंद. तू ये बाबा." एवढंच म्हणाला, आणि रडायला लागला म्हणे.

मग त्यानं सगळा रस्ता गोळा केला. शिड्या आल्या, फावडी आली. मालक घरी नसला की शेजाऱ्यांनी त्याचं छप्पर मोकळं करायचं, ही आमची रीत. ओन्नी मात्र माळ्याच्या छोट्या खिडकीतून आत शिरला. मला वाचवायला! वय अठ्ठ्याहत्तर!

खाली आम्हाला धप् धप् ऐकू आलं. इम्पी म्हणाली, "वहिनी, छपरावर कोणीतरी नाचतंय." टॉवेल गुंडाळून मी वर धावले. वरच्या बोळात पोचते तो छतातलं झाकण उघडलं आणि आधी भुग्याचा ढीग पडला, मग शिडीवरून भुग्यानं माखलेलं भूत उतरलं. नुसते दोन डोळे.

"सायमी?" भूत म्हणालं. "तू मेली नाहीस?"

"अजून नाही! पण तू माझी सगळी गादी तुडवलीस तर तुला मारून मग मरेन!"

ओन्नीनं मला पाहिलं, टॉवेल पाहिला, आणि पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "काय गरम आहे गं तुझ्या घरात!" भिंतीला म्हणाला. मागून इम्पी आली आणि हसत हसत जमिनीवरच बसली.

रॉडनीला परत फोन लावला, तर फोन घरीच टाकून तो विमान पकडायला धावलेला. निरोप पोचेना. माझं हसू तिथेच विरलं. पोर अख्ख्या प्रवासात मला मेलेली समजणार, या विचारानं मला रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दारात उभा राहिला. अंगात पातळसं जॅकेट, ओठ निळे. आत अख्खा रस्ता कॉफी पीत, वेलचीचा पाव खात बसलेला, आणि मध्ये मी, फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये. त्यानं येऊन माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि पन्नाशीचा बाप्या हमसून हमसून रडला. मीही रडले. ओन्नी तर आधीपासूनच रडत होता.

मग रॉडनीनं जॅकेट काढलं. थोड्या वेळानं स्वेटर काढला. मी त्याच्यापुढे बिल धरलं, पण त्यानं पाहिलंच नाही. कपाळ पुसत म्हणाला, "आई, फार उकडतंय. जरा खिडकी उघडू का?"

असा हशा उसळला की इम्पीच्या कपातली कॉफी सांडली.

"खबरदार!" मी ओरडले. "खिडकीला हात लावलास तर हात मोडीन! उकाडा सोसत नसेल तर फिनिक्सला जा!"

तोही हसला. मग टेबलावर हात ठेवला, या खेपेस आपटला नाही. "हरलो, आई. घर तुझं."

सोमवारी तो निघाला. त्या पातळ जॅकेटात दारात कुडकुडत होता, म्हणून मी खुंटीवरचा उर्होचा कोट काढून त्याच्या अंगावर घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली, शाळेत धाडताना लावायचे तशी.

"अगं, फिनिक्समध्ये हा घालून मी काय करू?"

"तिथे नको घालूस," मी म्हटलं. "माझ्याकडे येताना घाल. मला आता लागत नाही."