बंदरावरची गोपिका

चंपतराव पेंटरने समुद्र काही पाहिला नव्हता. अंबाझरीचा तलाव पाहिला होता, तेवढ्यावर भागवायचा. पण लकडगंजातल्या आपल्या टिनाच्या शेडात त्यानं रंगवलेलं शिवकाळातलं बंदर एकदा का स्टेजवर लागलं, की कुहीकडच्या खेड्यांतली माणसं नाटक सोडून पडद्याकडेच पाहत बसायची. गलबतं, बुरूज, तोफा, ओझी उतरवणारे हमाल. नटमंडळी चिडायची. चिडा म्हणावं!

बाहत्तर साली कुहीच्या नाटक मंडळासाठी तो असाच पडदा रंगवत होता, तेव्हा त्याची सात वर्षांची गोपिका समोर येऊन उभी राहिली. "बाबा, मले बी काढा ना जहाजापाशी."

"हालू नोको वं मंग."

ती कसली गप्प उभी राहते! हसतच राहिली, आणि तशीच पडद्यावर उतरली. धक्क्याच्या पायरीवर, एका हातात परकर धरलेली, समोरचा एक दात पडलेली.

पुढच्या उन्हाळ्यात ती तापानं गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. दिवाळीला काढू, दिवाळीला काढू, करत राहूनच गेला. तिची आई जयवंता हातातलं काम टाकून नुसती बसून राहायची. एक दिवस म्हणाली, "त्या पडद्यावर आहे ना माही पोट्टी. घेऊन या तिले."

चंपतराव कुहीला गेला. मंडळाचे मारोतराव भला माणूस. पण त्यांच्यापुढे पोरीचं नाव काढलं असतं तर त्याला रडू फुटलं असतं, आणि चार माणसांत रडायचं कसं? तो एवढंच म्हणाला, "मारोतराव, तो बंदराचा पडदा मले वापस पाहिजे. बदल्यात नवा देतो."

"घ्या ना गा पेंटर, त्यात काय! आठवडाभरानं या."

आता हे रंग सरसाच्या खळीत कालवलेले, पाण्यात टाकले की सुटतात. जुना पडदा धुऊन त्याच कापडावर नवा रंगवायचा, ही साऱ्याच पेंटरांची रीत. मारोतरावांना वाटलं, मांजरपाट महागलंय, बिचाऱ्याला कापड हवं असेल. त्यांनी पडदा सोड्यात उकळवला, तळ्यावर आपटून घेतला, वाळवला आणि पांढरीशुभ्र घडी चंपतरावाच्या हातात ठेवली. वर चहा पाजला.

"पाहा, एक डाग नाही ठेवला!"

चंपतरावानं चहा संपवला आणि घडी काखेत मारून निघाला.

घरी जयवंतानं घडी उलगडली. ही बाजू पाहिली, ती बाजू पाहिली. "कुठी आहे?" मग तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"पुन्हा काढा," ती म्हणाली. "तुमच्याच हातची होती ना?"

तो त्याच कापडावर रंगवायला बसला. पाणी आलं, गलबतं आली, बुरूज आला. पायरीवर परकरातली पोरगी आली, आणि तोंडाशी ब्रश अडला. नाक कसं होतं? पडलेला दात डावीकडचा की उजवीकडचा? जिला खांद्यावर घेऊन गावभर फिरला, तिचं तोंड बापाला आठवेना, काय म्हणावं याला! काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. शेवटी हरला आणि त्यानं तिला पाठमोरी केली, समुद्राकडे बघणारी.

जयवंता पडद्यासमोर येऊन बसली. बराच वेळ पोरीच्या वेणीवरून बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "काहो, तिले जरा इकडे वळवा ना."